बोगिन्ये

राडिसावच्या भाषेत देवीच्या रोगाला बोगिन्ये म्हणतात.
म्हणजे काय, विचारलं तर खांदे उडवून म्हणाला,
"म्हणजे देवी. दुसरं काय?"
मला हसू आलं.
इतक्या लांब, मोरावा नदीच्या काठी,
घाबरलेल्या माणसांनी आजाराला
तेच नाव ठेवलं होतं,
तोच तोंडदेखला मान देऊन.

आलुबुखाराच्या झाडांना येते ती मात्र शार्का.
आधी पानावर फिकट कडी,
ओल्या पेल्याचा तळ टेबलावर उमटावा तशी.
मग फळाला खळगे, गरात डिंक,
आणि पिकायला तीन आठवडे असताना
अख्खं झाड खाली.
असल्या फळांची रकियासुद्धा धड होत नाही.
राडिसावनं एकतीस झाडं स्वतः तोडली,
मुळं उकरली, जाळली.
धूर गोड होता, म्हणाला.
तेवढंच म्हणाला.

तियाना रोपवाटिकेतून आली
पाठीवर फवारणीचा पंप
आणि बर्फाच्या डब्यात एवढीशी बाटली घेऊन.
हे औषध नाही, तिनं आधीच सांगितलं.
यानं मावा मरणार नाही.
विषाणूच्या लांबलचक मजकुरातली
ही नुसती एक ओळ.
पान ती वाचेल,
आणि पुन्हा कधी तीच ओळ घेऊन कुणी आलं
तर त्याचा कागदच कापून टाकेल.
कात्री झाडाकडे असतेच,
आपण फक्त कुठे चालवायची ते दाखवायचं.

"किती दिवस टिकतं?"
"तीन आठवडे. कमीही."
"मग?"
"मग पुन्हा."
"आणि नक्की?"
तियाना पंपाचा पट्टा आवळत राहिली.

तेव्हा त्यानं बाही वर केली.
दंडावर वण, रुपयाएवढा, कडेला चुरगळलेला.
बहात्तर साल. शाळेच्या पटांगणात रांग.
याच्या पुढचा ओब्राद पळाला
आणि मक्याच्या कोठारात लपला,
दुपारी त्याला पाय धरून ओढत आणला.
"झाडाला ताप येईल?"
"नाही."
"मला आला होता," राडिसाव म्हणाला,
आणि त्याला जरा वाईट वाटल्यासारखं दिसलं,
झाडाचं की स्वतःचं, कळलं नाही.

स्तामेना सांगते, त्या रात्री
हा खुर्ची घेऊन झाडांखाली बसला.
तिनं खिडकीतून दोनदा हाक मारली.
येतो म्हणाला. आला नाही.

सहा झाडांवर फवारलं, दोन कोरी ठेवली.
कोरी का, यावर मात्र खूप वाजलं.
"नाहीतर कळणार कसं?" तियानाचं म्हणणं.
बरोबरच होतं तिचं.
राडिसावनं मान डोलावली
आणि ती गेल्यावर त्या दोघांच्या बुडाशी
चार चार पाट्या जास्तीचं शेणखत ओतलं.
खतानं शार्का थांबत नाही
हे त्याला माझ्याहून जास्त माहीत.

सप्टेंबरात पुन्हा जाणं झालं.
सहांतली चार निळीभोर उभी,
पाचव्याच्या एका फांदीवर कडी,
सहाव्याचं तियानाला विचारा, म्हणाला.
एक फळ त्यानं अंगठ्यांनी फोडलं,
बी चाटून स्वच्छ केली, उन्हात धरली.
बीवरही उमटतात म्हणे ती वर्तुळं.
या बीवर नव्हती.
ती त्यानं खिशात टाकली,
चावी टाकावी तशी.

मग कुंपणाकडे, त्या दोन कोऱ्यांपाशी.
खाली फळांचा सडा, गांधीलमाश्या,
आंबूस वास.
अजून गोळा का केली नाहीत, मी विचारलं नाही.
त्यानं एक उचललं, शर्टाला पुसलं,
खळग्यावरून बोट फिरवलं
आणि परत खाली ठेवलं,
टाकलं नाही, ठेवलं,
होतं त्याच जागी.